कॉन्फिगर स्क्रिप्ट

कॉन्फिगर स्क्रिप्ट ही युनिक्स व युनिक्ससदृश संचालन प्रणालींवर एखादे सॉफ्टवेअर मूळ स्रोतापासून बांधण्यापूर्वी चालवली जाणारी आज्ञावली होय. संगणकावर कोणता कंपायलर, कोणत्या लायब्रऱ्या, कोणत्या हेडर फाइली आणि कोणती फंक्शने उपलब्ध आहेत, हे ती लहान लहान चाचण्या घेऊन ठरवते आणि त्यानुसार बांधणीच्या सूचना तयार करते. एकच स्रोत निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या काळांतील प्रणालींवर बांधता यावा, हा तिचा मुख्य हेतू आहे. अशा बहुसंख्य स्क्रिप्ट जीएनयू ऑटोकॉन्फ या साधनाने तयार केलेल्या असतात. काही हाताने लिहिलेल्याही असतात. जुन्या संचालन प्रणालीवर सॉफ्टवेअर बांधताना येणाऱ्या अडचणी बहुधा याच टप्प्यावर प्रकट होतात. त्यामुळे या स्क्रिप्टचे निष्कर्ष कसे निघतात आणि ते केव्हा फसवे ठरतात, हे समजून घेणे आवश्यक असते.

(या लेखात आज्ञांची व फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.)

पार्श्वभूमी

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी इ.स. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत युनिक्स विकसित केली. इ.स. १९७३ मध्ये तिचा गाभा सी या भाषेत पुन्हा लिहिला गेला आणि ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे शक्य झाले. पुढील काळात तिच्या अनेक शाखा झाल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून बीएसडी, तर एटी अँड टी कंपनीकडून सिस्टिम फाइव्ह ही परंपरा निर्माण झाली. या दोहोंच्या आधाराने सन, एचपी, आयबीएम, डिजिटल, सिलिकॉन ग्राफिक्स आदी कंपन्यांनी आपापल्या युनिक्स बाजारात आणल्या.

या शाखांचे मूळ एक असले तरी तपशील वेगळे होते. अक्षरमालेत एखादे अक्षर शोधणाऱ्या फंक्शनाला बीएसडी परंपरेत 'इंडेक्स' म्हणत, तर सिस्टिम फाइव्हमध्ये त्याचे नाव 'एसटीआरसीएचआर' असे होते. त्यांच्या हेडर फाइलीही निराळ्या होत्या: एकीकडे 'स्ट्रिंग्ज डॉट एच', दुसरीकडे 'स्ट्रिंग डॉट एच'. इ.स. १९८८ मध्ये पॉझिक्स हे मानक प्रसिद्ध झाले आणि भेद कमी होऊ लागले. परंतु वापरात असलेल्या जुन्या प्रणाली त्यामुळे बदलल्या नाहीत.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी इ.स. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिलेले 'मेक' हे साधन कोणती फाइल कशापासून बनवायची याची कृती 'मेकफाइल' नावाच्या फाइलीतून वाचते. प्रणालीनुसार त्या कृतीत कोणता फरक करायचा हे मात्र 'मेक' स्वतः ठरवत नाही. त्यामुळे पूर्वी सॉफ्टवेअर घेणाऱ्यालाच मेकफाइल उघडून आपल्या यंत्राला लागू पडणारे पर्याय निवडावे लागत. ज्याला स्वतःच्या यंत्राचे अंतरंग ठाऊक नसे, त्याचे काम तेथेच अडे.

इतिहास

ही अडचण दूर करण्याचा एक आरंभीचा प्रयत्न लॅरी वॉल यांनी केला. पुढे पर्ल भाषेचे जनक म्हणून प्रसिद्ध झालेल्या वॉल यांच्या 'आरएन' या वृत्तवाचक आज्ञावलीसोबत एक कॉन्फिगर स्क्रिप्ट दिलेली असे. ती काही गोष्टी स्वतः ताडून पाही आणि उरलेल्या वापरकर्त्याला विचारी.

इ.स. १९९१ च्या उन्हाळ्यात डेव्हिड मॅकेन्झी हे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी जीएनयूच्या अनेक उपयुक्त आज्ञावलींची देखभाल करत होते. वापरकर्त्याने मेकफाइलमध्ये निवडायच्या पर्यायांची संख्या तोवर सुमारे २० वर गेली होती. मॅकेन्झी यांनी 'फाइलयुटिल्स' या संचासाठी योग्य पर्यायांचा अंदाज बांधणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली आणि मग तशाच स्क्रिप्ट इतर संचांसाठीही तयार केल्या. प्रत्येक स्क्रिप्ट हाताने लिहिण्याऐवजी ती एका आराखड्यावरून निर्माण करावी, या विचारातून ऑटोकॉन्फ साकारले. त्यासाठी ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांनी लिहिलेल्या 'एम-४' या मॅक्रो भाषेचा उपयोग करण्यात आला. इ.स. १९९० च्या दशकातच मेकफाइलचे साचे तयार करणारे 'ऑटोमेक' आणि सामायिक लायब्रऱ्यांची बांधणी सोपी करणारे 'लिबटूल' ही साधने त्याला येऊन मिळाली.

मूलभूत तत्त्व

बांधणी जुळवून घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत प्रणालीचे नाव विचारले जाते आणि त्या नावापुढे नोंदवलेले पर्याय लागू केले जातात. दुसऱ्या रीतीत नावाला गौण मानून प्रत्यक्ष गुणांची परीक्षा घेतली जाते. ऑटोकॉन्फने दुसरी रीत प्रमुख मानली.

या निवडीमागे व्यावहारिक कारण आहे. सन कंपनीची सनओएस ४ ही प्रणाली बीएसडीवर आधारलेली होती, तर तिच्यानंतर आलेली सोलारिस २ ही सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीवर. कंपनी तीच, यंत्रेही बहुधा तीच. परंतु नावावरून काढलेले निष्कर्ष चुकले असते. शिवाय एकाच आवृत्तीच्या दोन संगणकांवर वेगवेगळे पॅच बसवलेले असू शकतात. यादी लिहिणाऱ्याला पुढे येणाऱ्या प्रणालींची नावे माहीत नसतात. चाचणी मात्र नव्या प्रणालीवरही घेता येते.

नावाची गरज पूर्णपणे संपलेली नाही. 'कॉन्फिग डॉट गेस' ही सहायक स्क्रिप्ट प्रोसेसर, निर्माता व प्रणाली यांचे जोडनाव तयार करते. सोलारिस ८ असलेल्या स्पार्क यंत्रावर ते 'स्पार्क-सन-सोलारिस२.८' असे येते. जेथे चाचणी घेणे शक्य नसते तेथे या नावाचा आधार घेतला जातो.

कार्यपद्धती

स्क्रिप्ट चालवल्यावर प्रथम कंपायलरचा शोध घेतला जातो आणि त्याच्याकडून एक लहानशी आज्ञावली खरोखर तयार होते का, हे पाहिले जाते. त्यानंतर चाचण्यांची मालिका सुरू होते. शितावरून भाताची परीक्षा करावी, तशी ही पद्धत आहे: काही ओळींची सी आज्ञावली लिहायची, ती कंपायलरला द्यायची आणि परिणामावरून 'आहे' किंवा 'नाही' असा निर्णय घ्यायचा. चाचण्या साधारणतः तीन प्रकारच्या असतात.

पहिल्या प्रकारात केवळ भाषांतर होते का हे पाहतात. हेडर फाइल आहे का, एखादा प्रकार किंवा रचना तिच्यात घोषित केली आहे का, हे यावरून कळते. दुसऱ्या प्रकारात भाषांतरानंतर लायब्ररीशी जोडणीही केली जाते. फंक्शन उपलब्ध आहे का हे बहुधा असेच ठरवतात. मात्र जोडणी झाली म्हणजे त्या नावाचे फंक्शन लायब्ररीत सापडले एवढेच सिद्ध होते, ते अचूक काम करते हे सिद्ध होत नाही. तिसऱ्या प्रकारात तयार झालेली आज्ञावली प्रत्यक्ष चालवून पाहतात. एका यंत्रावर बसून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी बांधणी करताना हा तिसरा प्रकार वापरता येत नाही. अशा वेळी स्क्रिप्ट पूर्वनिश्चित अंदाज स्वीकारते किंवा वापरकर्त्याकडून उत्तर मागते.

चाचण्या संपल्यावर साचेवजा फाइलींवरून प्रत्यक्ष मेकफाइल तयार होते आणि निष्कर्ष बहुधा 'कॉन्फिग डॉट एच' या हेडर फाइलीत नोंदवले जातात. स्रोतातील संकेत ही हेडर फाइल वाचून योग्य तो मार्ग निवडतात: फंक्शन असल्यास प्रणालीचे, नसल्यास सोबत दिलेले पर्यायी. प्रत्येक चाचणीसाठी दिलेली आज्ञा, कंपायलरने काढलेल्या तक्रारी आणि अयशस्वी ठरलेली चाचणी-आज्ञावली 'कॉन्फिग डॉट लॉग' या फाइलीत नोंदवली जाते.

वापरकर्ता काही निर्णय स्वतः देऊ शकतो. 'प्रिफिक्स' या पर्यायाने सॉफ्टवेअर कोठे बसवायचे ते सांगता येते. न सांगितल्यास ते सामान्यतः '/यूएसआर/लोकल' येथे बसते. 'सीसी' या चलाने कंपायलर, 'सीपीपीफ्लॅग्ज' या चलाने हेडर फाइलींचे मार्ग आणि 'एलडीफ्लॅग्ज' या चलाने लायब्रऱ्यांचे मार्ग कळवले जातात.

ही स्क्रिप्ट ज्या शेलमध्ये चालते ते शेलही जुने असू शकते. त्यामुळे ऑटोकॉन्फने निर्माण केलेल्या स्क्रिप्टमध्ये मूळ बोर्न शेलला समजेल अशीच भाषा वापरण्याचा कटाक्ष दीर्घकाळ पाळला गेला. या स्क्रिप्ट हजारो ओळींच्या व वाचण्यास रुक्ष असतात, त्याचे हे एक कारण आहे.

उदाहरण: सोलारिस ८ वर ओपनएसएसएच

सोलारिस ८ ही प्रणाली इ.स. २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे अधिकृत पाठबळ संपून बराच काळ लोटला आहे. अशा प्रणालीवर दूरस्थ प्रवेशासाठी ओपनएसएसएच बांधणे हे या विषयाचे बोलके उदाहरण आहे. ओपनएसएसएच मूळ ओपनबीएसडी प्रणालीसाठी लिहिले गेले आणि इ.स. १९९९ मध्ये तिच्या २.६ या आवृत्तीसोबत प्रसिद्ध झाले. इतर युनिक्ससाठी त्याची वेगळी सुवाह्य आवृत्ती असते. तिच्यात ऑटोकॉन्फची स्क्रिप्ट असते आणि इतरत्र न मिळणाऱ्या फंक्शनांचे पर्याय 'ओपनबीएसडी-कॉम्पॅट' या निर्देशिकेत ठेवलेले असतात.

पहिली अडचण कंपायलरची येते. सोलारिस ८ सोबत सी कंपायलर मिळत नसे. '/यूएसआर/यूसीबी/सीसी' येथे त्या नावाची फाइल आढळते. पण ती चालवल्यास भाषेचे ऐच्छिक पॅकेज बसवलेले नाही, एवढाच निरोप मिळतो. जीसीसी स्रोतापासून बांधायलाही आधी एखादा कंपायलर लागतो; म्हणून सुरुवात तयार स्वरूपातील जीसीसी मिळवूनच करावी लागते. 'मेक', 'एआर' व 'एलडी' ही साधने '/यूएसआर/सीसीएस/बिन' या निर्देशिकेत असतात. ती निर्देशिका शोधमार्गात नसल्यास साधने असूनही सापडत नाहीत. सोलारिसच्या मूळ 'टार' आज्ञेला जीएनयू पद्धतीने बांधलेल्या गठ्ठ्यांतील लांब नावे उलगडता येत नाहीत, त्यामुळे जीएनयू टार जवळ असणे हिताचे ठरते. तेथील मूळ शेलऐवजी कॉर्न शेल वापरण्यासाठी 'कॉन्फिग-शेल' हे चल आधी निश्चित करण्याची प्रथा होती.

पुढे बांधणीचा क्रम सांभाळावा लागतो: प्रथम झेडलिब, मग ओपनएसएसएल आणि शेवटी ओपनएसएसएच. या तिघांच्या कॉन्फिगर स्क्रिप्ट तीन घराण्यांतील आहेत. झेडलिबची स्क्रिप्ट हाताने लिहिलेली आहे. ओपनएसएसएलची पर्ल भाषेत असून ती 'सोलारिस-स्पार्कव्ही९-जीसीसी' यासारखे नाव घेऊन त्यापुढील नोंद वापरते. म्हणजे वर सांगितलेल्या दोन रीतींपैकी पहिली. ओपनएसएसएचची स्क्रिप्ट दुसऱ्या रीतीने चालते. आवृत्तींची निवडही येथेच ठरते. ओपनएसएसएल १.१.० पासून बांधणीसाठी पर्लची किमान ५.१० ही आवृत्ती लागते, तर सोलारिस ८ सोबत ५.००५ ही आवृत्ती येई. साहजिकच नवे ओपनएसएसएल हवे असल्यास आधी नवे पर्ल बांधावे लागते.

ओपनएसएसएचच्या चाचण्यांत प्रणालीचा स्वभाव दिसू लागतो. लिनक्सवर जाळ्याशी संबंधित फंक्शने मुख्य सी लायब्ररीतच असतात. सोलारिस ८ मध्ये ती 'सॉकेट' व 'एनएसएल' या स्वतंत्र लायब्रऱ्यांत आहेत. स्क्रिप्ट प्रथम मुख्य लायब्ररीत शोध घेते आणि तेथे न मिळाल्यास या लायब्रऱ्या जोडून पुन्हा पाहते. 'सेटएन्व्ह' हे फंक्शन सोलारिस ८ मध्ये नाही. त्याजागी सोबतचा पर्याय घेतला जातो. हे सारे वापरकर्त्याच्या हस्तक्षेपाविना घडते.

काही बाबतींत मात्र वापरकर्त्याला लक्ष घालावे लागते. हेडर फाइल एका आवृत्तीची आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची तर नाही ना, हे पाहण्यासाठी ओपनएसएसएचची स्क्रिप्ट एक आज्ञावली प्रत्यक्ष चालवते. ओपनएसएसएलची सामायिक लायब्ररी नेहमीच्या जागी नसेल, तर जोडणी होऊनही ती आज्ञावली चालताना लायब्ररी सापडत नाही आणि चाचणी फसते. निरोपावरून ओपनएसएसएलच सदोष असल्याचा समज होतो. खरा उपाय वेगळा असतो: 'एलडीफ्लॅग्ज' मध्ये बांधणीच्या वेळचा मार्ग 'एल' या पर्यायाने देतात, त्यासोबत चालण्याच्या वेळचा मार्ग 'आर' या पर्यायाने द्यावा लागतो.

सर्वांत महत्त्वाची बाब यादृच्छिक संख्यांची आहे. गुप्त किल्ल्या इतरांना ओळखता येऊ नयेत यासाठी त्या अनुमान न करता येणाऱ्या संख्यांपासून बनवाव्या लागतात. सोलारिस ८ च्या मूळ वितरणात अशा संख्या पुरवणारे '/डेव्ह/रँडम' हे साधन नव्हते. सनने ते नंतर पॅचद्वारे उपलब्ध करून दिले आणि सोलारिस ९ मध्ये ते समाविष्ट झाले. पॅच नसलेल्या यंत्रावर त्या काळात 'पीआरएनजीडी' सारखी वेगळी सेवा चालवून तिचा पत्ता कॉन्फिगर स्क्रिप्टला सांगावा लागे. ओपनएसएसएचची स्क्रिप्ट शेवटी सर्व निर्णयांचा गोषवारा छापते. त्यात यादृच्छिक संख्यांचा स्रोतही नमूद असतो. 'मेक' ही आज्ञा देण्यापूर्वी हा गोषवारा वाचणे आवश्यक असते. बांधलेले सॉफ्टवेअर प्रथम स्वतंत्र निर्देशिकेत बसवून वेगळ्या पोर्टवर तपासले जाते आणि नवा प्रवेशमार्ग सिद्ध होईपर्यंत जुना बंद केला जात नाही.

'नाही' या उत्तराची संदिग्धता

कॉन्फिगर स्क्रिप्टच्या दृष्टीने चाचणी-आज्ञावली तयार न होणे म्हणजे ती सुविधा प्रणालीत नसणे. प्रत्यक्षात आज्ञावली तयार न होण्याची कारणे अनेक असतात: सुविधा खरोखर नसेल, लायब्ररीचा मार्ग चुकला असेल, आवश्यक दुसरी हेडर फाइल आधी जोडली नसेल किंवा चाचणीतच भाषेची चूक असेल. पडद्यावर या सर्वांचे उत्तर एकच उमटते. सुविधा अनिवार्य असेल तर स्क्रिप्ट थांबते आणि चूक लक्षात येते. ती ऐच्छिक असेल तर स्क्रिप्ट पुढे जाते, बांधणी यशस्वी होते आणि तयार झालेले सॉफ्टवेअर त्या सुविधेविना चालू राहते. म्हणून अनपेक्षित 'नाही' आढळल्यास 'कॉन्फिग डॉट लॉग' मधील त्या चाचणीपाशी जाऊन कंपायलरची मूळ तक्रार वाचणे, हा निदानाचा विश्वसनीय मार्ग आहे.

काळाच्या ओघात ही संदिग्धता वाढते. जुन्या स्क्रिप्टमधील काही चाचण्यांत फंक्शन घोषित न करताच वापरलेले असे आणि मुख्य फंक्शनाचा प्रकार लिहिलेला नसे. इ.स. १९९९ च्या सी मानकाने ही मोकळीक काढून घेतली, तरी कंपायलर अनेक वर्षे केवळ इशारा देऊन पुढे जात. इ.स. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीसीसी १४ पासून अशा लेखनाला चूक मानले जाते. परिणामी प्रणालीत सुविधा असूनही जुनी स्क्रिप्ट ती नसल्याचे सांगू शकते. जुन्या प्रणालीवर नवे सॉफ्टवेअर नेताना जशी काळजी घ्यावी लागते, तशीच नव्या प्रणालीवर जुने सॉफ्टवेअर आणतानाही घ्यावी लागते.

सुरक्षेचा प्रश्न

कॉन्फिगर स्क्रिप्ट सहसा कोणी वाचत नाही. ती यंत्राने निर्माण केलेली, लांबलचक असते आणि अनेकदा केवळ वितरणाच्या गठ्ठ्यात असते, मूळ स्रोतभांडारात नसते. या परिस्थितीचा गैरफायदा 'एक्सझेड युटिल्स' या संक्षेपण संचाच्या बाबतीत घेतला गेला. २९ मार्च, इ.स. २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींत छुपा प्रवेशमार्ग असल्याचे जाहीर केले. एसएसएचने प्रवेश करताना लागणारा किंचित जास्त वेळ त्यांच्या लक्षात आला होता. वितरणाच्या गठ्ठ्यातील एका 'एम-४' फाइलीत केलेला बदल कॉन्फिगरच्या वेळी कार्यान्वित होई आणि चाचणीच्या नावाखाली ठेवलेल्या फाइलींतून घातक संकेत बाहेर काढी. तो बदल सार्वजनिक स्रोतभांडारात नव्हता.

याच संचात 'सीमेक' या दुसऱ्या बांधणी साधनासाठी लिहिलेल्या एका चाचणीत एकच टिंब जास्त घातलेले आढळले. त्या टिंबामुळे चाचणी-आज्ञावली कधीच तयार होत नसे. म्हणून लिनक्समधील 'लँडलॉक' ही संरक्षक सुविधा उपलब्ध नाही असा निष्कर्ष निघे आणि तिच्याविना बांधणी होई. चुकीची चाचणी आणि खरोखरचा अभाव यांत भेद न करण्याची मर्यादा एकट्या ऑटोकॉन्फची नाही, हेही यावरून दिसून येते.

टीका व पर्याय

आज अस्तित्वात नसलेल्या प्रणालींसाठीच्या चाचण्या वर्षानुवर्षे तशाच चालू राहणे, चाचण्या एकामागून एक घेतल्यामुळे होणारा विलंब आणि 'एम-४' व शेल यांच्या मिश्रणाची दुर्बोधता हे ऑटोकॉन्फवरील नेहमीचे आक्षेप आहेत. इ.स. २००० मध्ये सुरू झालेले सीमेक आणि युसी पक्कानेन यांनी इ.स. २०१३ मध्ये सुरू केलेले मेसन ही त्याला पर्याय म्हणून पुढे आलेली प्रमुख साधने होत. परंतु ती साधने आधी त्या यंत्रावर उपलब्ध असावी लागतात. मेसनला तर पायथॉनची तुलनेने नवी आवृत्ती लागते. ऑटोकॉन्फने निर्माण केलेली स्क्रिप्ट चालवण्यासाठी मात्र खुद्द ऑटोकॉन्फचीही गरज नसते. शेल, कंपायलर, 'मेक' आणि युनिक्सच्या नित्याच्या काही लहान आज्ञा पुरतात. जुन्या प्रणालीवर काम करताना हा फरक निर्णायक ठरतो.

जुन्या भेदांप्रमाणे पुढील काळातील प्रश्नांचाही या चाचण्यांत समावेश होत आहे. ३२ बिटांत वेळ मोजणाऱ्या प्रणालींची मोजणी आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार १९ जानेवारी, इ.स. २०३८ रोजी पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनंतर संपते. त्या तारखेपलीकडचा काळ हाताळता येतो का, हे तपासण्याची सोय ऑटोकॉन्फच्या २.७२ या आवृत्तीत करण्यात आली आहे. जीसीसी, बॅश, पायथॉन यांसारख्या व्यापक वापरातील सॉफ्टवेअरच्या स्रोतासोबत कॉन्फिगर स्क्रिप्ट आजही दिली जाते.